बिरूचा दम आणि माझं तोंड

बिरू, चौकात तुझा फ्लेक्स लागलाय. फोटो तुझ्या पोरीच्या लग्नातला घेतलाय, फेटा बांधलेला. तो फेटा तुला मोठा झाला होता आणि दिवसभर भुवयांवर उतरत होता. मी दर थोड्या वेळानं येऊन तो वर सारायचो. फोटोत त्यातलं काही दिसत नाही. फोटोत तू पाच गावांची पाटीलकी उरकून नुकताच घरी आल्यासारखा बसलायस. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', मध्ये तू, आणि तुझ्या छातीखाली, जाड अक्षरांत, अवतरणचिन्हं घालून, तुझे शेवटचे शब्द.

फोटो तुझा आहे. शब्द माझे आहेत.

येणारे-जाणारे थांबून वाचतात. रिक्षावाले वाचतात. एक म्हातारी नातीकडून वाचून घेत होती आणि डोळ्यांना पदर लावत होती. मी समोरच्या टपरीवर होतो. अर्धा कप तसाच ठेवला आणि मागच्या बोळानं घरी आलो. तेव्हापासून मी तो चौक सोडला. गर्दी दिसली की तिच्यात घुसून तोंड चालवणारा मी, एका फ्लेक्सला घाबरून बोळ धरतो.

काल तुझ्या घरी जाऊन आलो. वहिनींना सगळं सांगितलं. तिथं काय झालं ते तुला कळायला पाहिजे म्हणून हे लिहितोय. तोंडानं सांगायला बसलो असतो तर दुसऱ्याच वाक्याला मी फोडणी घातली असती. माझी ख्याती तुला ठाऊकच आहे. मी खरं बोललो की मार्केट यार्डातले हमाल त्या दिवशी सुट्टी मागायचे, म्हणे काहीतरी विपरीत होणार.

उभं आयुष्य मी कांद्याचा लिलाव पुकारला. आवक वाढली की माझा आवाज ऐकून तिकडं अकलूजच्या कारखान्याचा भोंगा लाजून गप बसायचा, असं मी सांगायचो आणि तू म्हणायचास, "भोंगा लाजला न्हवता, लाईट गेलती." पण लिलावात आवाज ही दुय्यम गोष्ट, बिरू. लिलावात व्यापारी तोंड उघडत नाही. एक भुवई उचलतो, दुसरा नाक खाजवतो, तिसरा नुसता खिशातला हात बाहेर काढतो. त्या भुवईचं, त्या नाकाचं वाक्य आपण करायचं आणि त्याच्या मनात ते पुरतं तयार व्हायच्या आत पुकारून पुढच्या ढिगावर जायचं. जो थांबला तो संपला. मला तर समोरचा श्वास कसा आत घेतो त्यावरून कळायचं की हा वाढणार की मागं सरणार. ह्या गोष्टीचा मला गर्व होता. अजून असता, तर हे लिहायची वेळ आली नसती.

आणि तू? तू बोलायचा विचार करेपर्यंत माझे सगळे ढीग विकून गाड्या भरून व्हायच्या.

'दम' हा शब्द आपण दोघांनी मिळून झिजवला. मेंढरं कोंडताना तुझ्या आईनं दिलेला दम मेंढरांना तर लागायचाच, पण दोन शिवारं पलीकडं दबा धरलेला लांडगा उठून घरी जायचा. आपण पहिली बिडी ओढली ती विहिरीच्या मागं. एकेक दम मारला, आणि तू असा खोकलास की विहिरीतलं पाणी वर आलं. बरं, वर आलं नाही, पण हललं. सोलापूरला आलो तेव्हा खाणावळीच्या आमटीत दम नसायचा. तुझ्या कारखान्यात मालकाच्या बोलण्यात दम असायचा आणि पगार मात्र दमादमानं व्हायचा. मी कुठंही घाई केली की तू म्हणायचास, "दम धर की जरा." तू हे आयुष्यात इतक्या वेळा म्हणालास की त्यातल्या निम्म्या वेळा जरी मी ऐकलं असतं, तरी आज माणसात असतो.

पुढं मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "दम कधीपासून लागतो?" तू नेहमीसारखा विचार करत बसलास. मी लगेच माहिती पुरवायला सुरुवात केली. टॉवेलच्या कारखान्यात किती वर्षं, रुईची भुकटी कशी उडायची, मास्क म्हणून हा नुसता रुमाल बांधायचा आणि तोही गळ्यात. माझं सगळं संपल्यावर तू हळूच म्हणालास, "साहेब, आदी लागत न्हवता. आदी असायचा." डॉक्टर हसले. मीही हसलो आणि पुढं आठवडाभर यार्डात ते वाक्य माझं म्हणून खपवलं. पण खरंच, कसला शब्द आहे बघ. अंगात दम आहे म्हटलं की पहिलवान, दम लागतोय म्हटलं की पेशंट. तू ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलास आणि मध्ये शब्दसुद्धा बदलावा लागला नाही.

असायचा, हे तर मैंदर्गीच्या मैदानानं बघितलंय. आपला तो वाद राहिला, बिरू. शेवटची चढाई, आपण एका गुणानं मागं. तू कबड्डी कबड्डी म्हणत आत गेलास. मी ही गोष्ट सांगताना म्हणतो की तू आत गेलास तेव्हा पंच झाडाच्या सावलीत होता, आणि तू परत आलास तोवर सावली फिरून पंच उन्हात आला होता, तरी तुझा दम चालूच. सांगायला काय जातं? घडलं ते एवढंच. दोघांना शिवून तू परत फिरलास. त्यांची पोरं कानडीत "होय्तु, होय्तु", म्हणजे गेला, गेला, करून बोंबलत होती, आपली पोरं मराठीत बोंबलत होती, आणि तू मधल्या रेषेवर येऊन पडलास. पंचानं आपल्या बाजूनं हात वर केला. आम्ही तुला खांद्यावर घेतलं. आणि खांद्यावरून खाली वाकून तू पंचाला म्हणालास, "दम तुटला माझा. रेषेच्या आदीच तुटला."

पंच म्हणाला, "मला न्हाय ऐकू आलं."

तू म्हणालास, "मला आलं की."

हरलो आपण. परतीच्या टेम्पोत मी तुझ्याशी बोललो नाही. मी गप आहे हे बघून ड्रायव्हरनं दोनदा गाडी थांबवली, मी मागं पडलो की काय म्हणून. त्यानंतर कितीदा आपण भांडलो! मी म्हणायचो, "तुटला न्हवता, नुसता वाकला हुता." तू म्हणायचास, "दम वाकत नसतोय, गोप्या. असतोय, न्हायतर नसतोय." ह्या वादात मी कधीही हार मानली नाही. आताही मानत नाही. पण तुझा दम कुठं संपला ते फक्त तूच सांगू शकत होतास आणि आम्ही सगळे खांद्याखाली ओरडत होतो, हे मात्र आता सारखं डोळ्यासमोर येतं.

आणखी एक आठवतं, तेही नको असताना. माझ्या घशात गाठ झाली होती आणि डॉक्टरांनी महिनाभर एक शब्द बोलायचा नाही म्हणून सांगितलं होतं. यार्डात म्हणे पेढे वाटले. बायको सुखानं झोपायला लागली. तू मात्र रोज पाळी संपली की यायचास, शेंगांची पुडी मध्ये ठेवायचास आणि बसायचास. मी हातवारे करायचो. दुसरा कुणी असता तर अंदाज करत बसला असता, पाणी पाहिजे का, लाईट लावू का. तू नुसता बघत राहायचास. माझे हातवारे संपून, मी चिडून, पुन्हा पहिल्यापासून सुरू करेपर्यंत. मग कळलं की मान हलवायचास, नाही कळलं तर "न्हाय कळलं" म्हणायचास. मला त्याचा राग यायचा. ह्याला एवढं साधं ओळखता येत नाही म्हणून तुला मनात मठ्ठ म्हणायचो. एवढ्या वर्षांच्या दोस्तीत माझं एकही वाक्य तू माझ्या आधी पुरं केलं नाहीस. त्याला माणुसकी म्हणतात हे मला तुझ्या मातीनंतर कळलं.

शेवटचं वर्ष तू खाटेवर काढलंस, नाकात नळी, खाली बुडबुडणारं मशीन. डॉक्टर म्हणाले होते, ह्यांना जास्त बोलायला लावू नका. मला तर हे कामच वाटलं. माझ्या जन्माची विद्या आता माझ्या दोस्ताच्या उपयोगी पडणार! तू "गोप्या, ती..." म्हणालास की मी उशी सरकवायचो. "ते, जरा..." म्हणालास की पंखा कमी करायचो. ओळखलं का न्हाय? म्हणून तुझ्याकडं बघायचो. तू मान हलवायचास. मी घरी जाऊन बायकोला सांगायचो, "बिरूला आता बोलायची गरजच न्हाय. तो नुसता दम घेतो, बोलतो मी."

पुढंपुढं तू मान हलवेनासा झालास. नुसता बघायचास. मी तेही होकारातच धरलं. लिलावात गप राहणं म्हणजे होकारच असतो.

त्या दिवशी दुपारी मी आलो. तू बरा दिसत होतास. वहिनी चहा टाकायला आत गेल्या. त्या गेल्या तशी तू स्वयंपाकघराकडं मान वळवलीस, मग माझ्याकडं बघितलंस आणि हात उचलून माझ्या मनगटावर ठेवलास. म्हणालास, "गोप्या, हिला..."

आणि दम घ्यायला थांबलास.

एवढीशी फट, बिरू. तेवढ्यात मी घुसलो. "हिला चहात साखर जास्त घालाय सांगू? सांगतो की!" आणि आत ओरडलो, "वहिनी, साखरंला हात सैल सोडा, मालकांची ऑर्डर हाय!" आतून वहिनी हसल्या. तू मान हलवलीस, नाही म्हणून. डोळे मिटून पुन्हा दम गोळा केलास. मला तो गोळा करताना दिसत होता. गळ्याखालची खाच आत जायची, बाहेर यायची. पुन्हा म्हणालास, "हिला... मी..."

"हिला तू पळवून आणली न्हाईस, म्हाईत हाय मला! वाजतगाजत आणलीस, मीच हुतो की फुडं!" आणि मी सुरूच झालो. तुझ्या लग्नाची गोष्ट. नवरीनं तुझं नाव घेतलं, मग तुझी पाळी आली, तुला घाम फुटला, मांडव गप झाला, आणि तुझ्या मागं उभा राहून तुझ्या आवाजात वहिनींचं नाव मीच घेतलं. पुढच्या रांगेतल्यांना वाटलं तूच बोललास. मी ती गोष्ट तिथं पुन्हा सांगितली, वर त्यात घोडा घातला, जो तुझ्या लग्नात नव्हता, आणि घोडा कसा मांडवात शिरून जिलेबी खातो तेही घातलं. तू हसलास. हसल्यानं खोकला आला. मी तुझी पाठ चोळली. तोवर चहा आला.

वहिनी पुन्हा आत गेल्यावर मीच विचारलं, "काय म्हणत हुतास मगाशी?"

तू माझ्याकडं बघितलंस. राग नव्हता रे. राग असता तर आज मला आधार झाला असता. म्हणालास, "राहू दे."

तेवढंच तुझ्या एका दमात बसलं. पहाटे तू गेलास.

तिसऱ्याच्या दिवशी माणसं बसली होती. वहिनी भिंतीला टेकून, शेजारी पुण्याहून आलेली तुझी पोर. सगळे माझ्याकडं बघत होते, कारण मी कुठंही बसलो की माणसं माझ्याकडंच बघतात, आता हा काहीतरी सांगणार म्हणून. वहिनींनी मान वर केली आणि म्हणाल्या, "भावजी, त्या दिवशी मी चहा गाळत हुते. हे 'हिला' म्हणल्यालं ऐकू आलं मला. फुडं तुमी हसला, मग कायच ऐकू आलं न्हाय. काय म्हणत हुते हे?"

बिरू, मी काय सांगायचं? की तुमच्याबद्दलचं ते वाक्य मी साखरेत बुडवलं? खोलीतली माणसं माझ्या तोंडाकडं बघत होती. तुझी पोर हुंदका आवरून बसली होती. मी श्वास आत घेतला आणि मला आतल्या आत कळलं की आता माझं तोंड चालणार. माझ्या आवाजाला ते कंप सुटणंसुद्धा जमतं, तुला माहीत आहे. म्हणालो, "वहिनी, तो म्हणाला, हिला सांग... जन्मभर मी दम घेतला तो तुझ्याच जिवावर. पुढच्या जन्मीही दम टाकायला तुझ्याच दारात येईन."

खोली रडली. तुझी पोर मोठ्यानं रडली, मोकळी होऊन. कुणीतरी मागून म्हणालं, "मरतानाबी काय दमदार बोलला बगा." वहिनी मात्र रडल्या नाहीत. माझ्याकडं बघत राहिल्या. मला वाटलं, धक्क्यानं. खरं सांगू? तिथं बसल्या बसल्या एक क्षण मला आनंद झाला. गोष्ट लागली की होतो तो. तुझ्या घरात, तुझ्या तिसऱ्याला. ह्या एका क्षणाची मला जितकी लाज वाटते तितकी कशाचीच वाटत नाही.

मग पोरीनं तो फ्लेक्स करून घेतला. तिचा काय दोष? तिच्या बापाचं वाक्य तिनं मोठ्या अक्षरांत लावलं. रोज कुणीतरी मला गाठून सांगायचं, "बिरू बोलायचा कमी, पण बोलला तर असा." आणि मी मान डोलवायचो. माझ्या जन्मातलं सगळ्यात गाजलेलं वाक्य, आणि ते मला माझं म्हणता येत नव्हतं. आधी मला ह्याचाच त्रास होतोय की काय अशी शंका आली. मग एका सकाळी भाकरी तोडताना हात थांबला. तुझं वाक्य काही मेलं नव्हतं. ते अजून कुठंतरी अर्धं लटकत होतं आणि वहिनींना वाटत होतं की ते पूर्ण झालंय. आता त्या ते कधी शोधणारही नव्हत्या. जे माझ्यामुळं बोललं गेलं नाही, त्याच्यावर मी फरशी बसवली होती.

म्हणून काल गेलो.

वहिनी एकट्याच होत्या, पोर काहीतरी आणायला बाहेर गेली होती. त्यांनी पाणी दिलं. मी उभ्या उभ्याच म्हणालो, "वहिनी, ते फ्लेक्सवरचं वाक्य बिरूचं न्हाय."

"म्हाईत हाय मला," त्या म्हणाल्या.

मी खालीच बसलो.

"एवढं लांब वाक्य त्यांच्यानं हुईत न्हवतं, भावजी. वरीस झालं. दोन-तीन शब्द बोलायचे आन् थांबायचे. 'पाणी दे गं.' झालं. मग थांबायचं. मी भाकरी थापत असायची. तव्यावरची भाकरी उलटून हुईस्तवर फुडचा शब्द यायचा. कधी यायचाबी न्हाय, मग मी तशीच बसून ऱ्हायची. तुमी तिसऱ्याला बोलाय लागला आन् मला पयल्या झटक्यालाच कळलं, हे काय ह्यांचं न्हाय. 'पुढच्या जन्मीही' म्हणं! ह्यांच्या बापानं तरी कधी 'पुढच्या जन्मीही' म्हणलं आसंल का?"

"मग तवा का न्हाय बोलला?"

"पोरगी रडली की. हे गेल्यापास्नं दगडागत बसली हुती. म्हणलं, असू दे, रडू दे." मग त्यांनी माझ्याकडं सरळ बघितलं. "आता खरं काय ते सांगा."

मी सांगितलं. साखर, घोडा, जिलेबी, सगळं. मध्ये एकही शब्द वाढवला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच माझी गोष्ट घडली त्यापेक्षा लहान झाली. शेवटी म्हणालो, "मी त्याला बोलूच दिलं न्हाय, वहिनी."

त्या मग म्हणाल्या, "लग्नात माजं नाव घेतलं, ते तुमीच. शेवटाला बोलला, ते बी तुमीच. मग माजं लग्न कुणाशी झालं म्हणायचं?"

बिरू, मला आजपर्यंत लोकांनी शिव्या दिल्यात, व्यापाऱ्यांनी दम दिलेत, एकदा एकानं कांद्याची पाटी डोक्यात घातलीय. असं कुणी मला मारलं नव्हतं. मी हात जोडले. म्हणालो, "तेराव्याला सगळ्या माणसांसमोर उभा ऱ्हातो आन् सांगतो. मी खोटं बोललो, मला माफ करा म्हणून."

"बसा गप," वहिनी म्हणाल्या. "सगळ्यांसमोर उभं ऱ्हाऊन? ती बी तुमची गोष्टच हुईल की. लोकं म्हणतील, वा, काय बोलला. पोरीला मी सांगीन माज्या परीनं. तुमी सांगाय गेला तर त्यात परत घोडा येईल."

मी गप बसलो. म्हणजे बसवला गेलो. पण बसलो. हात कुठं ठेवायचे ते कळेना. बाहेर भंगारवाला ओरडत गेला. वहिनींनी रागानं पदर खोचला, पुन्हा सोडला. त्या उठून जा म्हणाल्या असत्या तर मी गेलो असतो, पण तसं काही त्या म्हणाल्या नाहीत. तुझी खाट भिंतीला उभी करून ठेवलीय. त्या तिच्याकडं बघत म्हणाल्या, "मला ना, भावजी..."

आणि थांबल्या.

तुला सांगतो, माझ्या तोंडात वाक्यं रांग लावून उभी राहिली. मला ना, करमत न्हाय. मला ना, एकटीला भीती वाटती. मला ना, गावाकडं जाऊन ऱ्हावं वाटतंय. मला ना, तुमचं तोंड बघू वाटत न्हाय. एकेक वाक्य ओठापर्यंत येऊन आतून धक्के मारत होतं. मी जीभ दातांत धरली. त्या काही माझ्याकडं बघत नव्हत्या, कुठंच बघत नव्हत्या. भंगारवाल्याचा आवाज गल्लीच्या टोकाला जाऊन विरला. मी थांबलो. नुसतं थांबायला एवढी छाती लागते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. शेवटी मला वाटलं त्या विसरल्याच असतील, आता आपणच काहीतरी बोलावं. तरी थांबलो.

"...मला भरभर चालताच येईना झालंय," वहिनी म्हणाल्या. "बाजारातनं येताना चार पावलं टाकली की पाय आपसूक थांबत्यात. ह्यांना दम खावा लागायचा न्हवं, मी थांबायची. आता मागं कुणी नसतंय. तरी थांबते. लोकं फुडं निघून जात्यात आन् मी आपली पिशवी घिऊन उभीच."

माझ्या रांगेत हे वाक्य नव्हतं, बिरू.

तुझं ते अर्धं राहिलेलंही नव्हतंच.